इसब बाळाला, आरोपीच्या पिंजऱ्यात आई

तान्ह्या बाळाला इसब होतो तेव्हा सुरुवात बहुधा गालांपासून होते. आधी कोरडी, खरखरीत लाली, मग बारीक पुटकुळ्या, मग ओल. एवढ्याशा बाळाला नीट खाजवता येत नाही, म्हणून ते घासतं. चादरीवर गाल घासतं, कडेवर घेतलं की खांद्यावर कपाळ घासतं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासत राहतं. सकाळी अंथरुणावर रक्ताचे बारीक ठिपके असतात, आणि रात्रभर त्याचे हात धरून बसलेली आई अर्धवट झोपेत दिवसाची कामं उरकत असते. या बाईला घरात, नात्यात आणि कधीकधी दवाखान्यातही एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: गरोदरपणात काय खाल्लं होतंस? त्याला जोडून आणखी दोन-तीन येतात. फार ताण घेतलास का? औषधं कुठली घेतलीस? स्वतःकडे लक्ष दिलं नाहीस का?

प्रश्न जुनाच आहे. अलीकडे मात्र त्याच्या पाठीशी एक भारदस्त शास्त्र उभं केलं जातं. आईच्या खाण्यापिण्याच्या, मनःस्थितीच्या खुणा गर्भातच बाळाच्या जनुकांवर उमटतात, असं एपिजेनेटिक्स, म्हणजे कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद राहतात याचं शास्त्र, सांगतं. तेव्हा इसबाचं मूळ त्या नऊ महिन्यांत शोधा, असा हा युक्तिवाद. मला तो चुकीचा वाटतो, आणि त्यात दिसतो त्यापेक्षा जास्त अन्याय आहे. बालपणीच्या इसबाबद्दल एपिजेनेटिक्सने आजवर जे शिकवलं, ते नीट वाचलं तर त्यातून आईवर ठपका निघत नाही. निघतात त्या दोन मागण्या. एक हवेतल्या धुराबद्दलची, जी शासनाने आणि समाजाने पुरी करायची आहे. दुसरी आजार दिसताक्षणी तो पुरेसा आणि लवकर आटोक्यात आणण्याची, जी आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे.

आधी जनुकांविषयी, कारण त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. इसबात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. समरूप जुळ्यांपैकी एकाला इसब असेल तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण जुन्या डॅनिश अभ्यासांत साधारण चारांत तीन असं निघालं. भिन्न जुळ्यांत ते चारांत एकाच्याही खाली होतं. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले अर्विन मॅक्लीन आणि त्यांचे सहकारी यांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड आणि इसब यांचं नातं दाखवून दिलं. त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या पेशींचा सांगाडा आवळून त्यांना चपटं करणारं हे प्रथिन. ते काम झालं की त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे त्वचेत पाणी धरून ठेवतात, तिची आम्लता राखतात. हे प्रथिन कमी पडलं की त्वचेतून पाणी बाहेर झिरपतं, आणि बाहेरचे जंतू, धूळ, क्षोभक पदार्थ आत शिरतात. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे दहांतल्या एकाजवळ हा बिघाड असतो.

पण तो असलेल्या पुष्कळ मुलांना इसब होत नाही, आणि इसब असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत तो सापडत नाही. शिवाय गेल्या काही दशकांत औद्योगिक देशांमध्ये इसबाचं प्रमाण दुपटी-तिपटीने वाढलं. आज तिथे जवळजवळ पाचांतल्या एका मुलाला बालपणात कधी ना कधी तो होतो. दोन-तीन पिढ्यांत माणसाची जनुकं इतकी बदलत नाहीत. म्हणजे परिसरातलं काहीतरी त्याच जनुकांकडून वेगळं काम करून घेत असणार, असं संशोधकांना वाटू लागलं. एपिजेनेटिक्स इथे येतं.

१९४२ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी ही संज्ञा वापरली तेव्हा डीएनएची रचनाही उलगडलेली नव्हती. आज तिचा अर्थ बराच नेमका झाला आहे. यकृताची पेशी आणि त्वचेची पेशी यांच्यातला डीएनए एकच; फरक पडतो तो कुठली जनुकं वाचली जातात आणि कुठली मिटलेली राहतात यामुळे. डीएनएमधल्या सायटोसिन या घटकावर मिथाइल नावाचा चिमुकला रासायनिक गट चिकटतो, आणि तो जनुकाच्या सुरुवातीच्या भागात दाटीने चिकटला की ते जनुक बहुधा गप्प होतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही अशा खुणा असतात. त्या बदलल्या की गुंडाळी सैल होते किंवा घट्ट होते. या खुणा पेशी विभागली तरी टिकू शकतात, आणि बदलूही शकतात. हा दुसरा गुणधर्म सार्वजनिक चर्चेत फार लवकर विसरला जातो.

इसबाच्या संदर्भात काय सापडलं? जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये आई आणि बाळ यांच्या जोड्यांचा जन्माआधीपासून पाठपुरावा केला गेला. नाळेच्या रक्तातल्या, प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी-पेशी तिथे फॉक्सपी३ या जनुकावरच्या मिथाइल खुणांवरून मोजल्या. तंबाखूच्या धुराशी जास्त संपर्क आलेल्या मातांच्या बाळांत या पेशी कमी आढळल्या, आणि त्या कमी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षात इसब होण्याची शक्यता अधिक दिसली. तैवानमध्येही धुराचा संपर्क, टीएसएलपी या दाह चेतवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावरचं मिथायलेशन (म्हणजे मिथाइल खुणांचं प्रमाण) आणि इसब यांची साखळी दिसली. हे अभ्यास महत्त्वाचे आहेत, ते मोडीत काढण्याचा माझा हेतू नाही. पण त्यांच्यावर जेवढा भार टाकला जातो तेवढा ते पेलू शकतात का, हे तपासायलाच हवं.

पहिली अडचण रक्ताची. बाळाच्या त्वचेचा तुकडा काढणं अवघड, नाळेचं रक्त आयतं मिळतं. म्हणून बहुतेक अभ्यास रक्तावर होतात. रक्तात अनेक जातींच्या पेशी असतात आणि प्रत्येक जातीच्या मिथाइल खुणा वेगळ्या. समजा, बसमधल्या प्रवाशांचं सरासरी वय अचानक वाढलं. त्याचा अर्थ कुणी म्हातारं झालं असा होत नाही. मागच्या थांब्यावर विद्यार्थी उतरले आणि निवृत्त मंडळी चढली, एवढंच घडलेलं असू शकतं. रक्तातलं मिथायलेशन बदललेलं दिसतं तेव्हाही पेशींचं मिश्रण बदललंय की पेशींच्या आतल्या खुणा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी इसबाच्या रुग्णांचं रक्त, त्यातल्या टी आणि बी पेशी आणि त्वचा अशा सगळ्यांचं मिथायलेशन एकत्र तपासलं. इसबग्रस्त त्वचेच्या वरच्या थरात ठळक फरक होते. रक्तात आणि त्या पेशींत मात्र लक्षणीय फरक सापडले नाहीत. नाळेच्या रक्तावरून इसबाचं भाकीत करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे: कारण कोणतं आणि परिणाम कोणता? इसबाचाच सख्खा भाऊ असलेल्या दम्याचा दाखला घ्या. २०१८ मध्ये युरोपातल्या अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून दमेकरी मुलांच्या रक्तात मिथायलेशन कमी झालेली १४ ठिकाणं निश्चित केली गेली. चार वर्षांच्या वयापासून सोळाव्या वर्षापर्यंत हे फरक दिसत होते. जन्माच्या वेळच्या रक्तात ते नव्हते. म्हणजे त्या खुणा गर्भातून आल्या नव्हत्या. आजारासोबत, बऱ्याच अंशी इओसिनोफिल या ॲलर्जीत चेतणाऱ्या पेशींमुळे, पुढे उमटल्या होत्या. इसबातही हेच चक्र दिसतं. २००७ मध्ये असं दाखवलं गेलं की ॲलर्जीच्या दाहातली आयएल-४ आणि आयएल-१३ ही रसायनं त्वचेतल्या फिलॅग्रिनची निर्मिती दाबतात, जनुक धडधाकट असलं तरी. कमजोर त्वचेमुळे दाह होतो, आणि दाहामुळे त्वचा आणखी कमजोर होते. चालू आजाराच्या मधोमध घेतलेल्या नमुन्यात ज्या खुणा सापडतात त्यांना आजाराचं मूळ म्हणणं म्हणजे घोडं गाडीच्या मागे जुंपण्यासारखं आहे.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त सलते. आई बाळाला गर्भ देते तशीच जनुकंही देते. आईला स्वतःला इसब असेल तर तिला रात्रीची झोप नाही, मनावर ताण आहे, आणि इसबाची जनुकंही तिच्याकडून बाळाकडे जाण्याची शक्यता आहे. अशा वेळी ताण आणि बाळाचा इसब यांचं नातं आकडेवारीत दिसणारच. ते गर्भातून घडलं की जनुकांतून की नंतर एकाच घरात राहिल्यामुळे, हे उलगडायचा एक साधा मार्ग साथरोगशास्त्रज्ञांना माहीत आहे: तीच मोजणी वडिलांचीही करा. वडिलांचा ताण, धूम्रपान, आहार यांचं नातंही बाळाच्या आजाराशी तितकंच घट्ट निघालं, तर गर्भाशयाला दोषी ठरवता येत नाही. अडचण एवढीच की वडिलांची माहिती पुष्कळ अभ्यासांत गोळाच केली जात नाही. प्रश्नावली आईला, रक्त आईचं, आणि शेवटी निष्कर्षही आईबद्दलचा. २०१४ मध्ये हार्वर्डमधल्या विज्ञान-इतिहासकार सारा रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये नेमका हा इशारा दिला होता: गर्भावस्थेच्या परिणामांवरचं संशोधन ज्या पद्धतीने मांडलं जातं आहे त्यातून स्त्रियांवर दोषारोप होतील. तो इशारा आजही तितकाच लागू आहे.

दोषारोपाची ही सवय किती जुनी आहे, हे इसबाच्याच इतिहासात दिसतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर मनोविश्लेषणाचा जोर होता. रेने स्पिट्झ हे त्या काळातलं बालविकासाच्या अभ्यासातलं मोठं नाव. तान्ह्या बाळांच्या इसबाचं मूळ त्यांनी आईच्या मनात शोधलं: वरवर काळजी करणाऱ्या या मातांच्या मनात बाळाविषयी दडलेला वैरभाव असतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. याच काळात फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनोविकारांशी जोडलेल्या सात शारीरिक आजारांत इसबाला बसवलं, आणि स्वमग्नतेचं खापर ‘थंड’ मातांवर फोडलं गेलं. आज कुणीही शहाणा डॉक्टर या सिद्धान्तांना उभं करणार नाही. पण त्या वेळी दवाखान्यात बाळ घेऊन आलेल्या बाईला ते शास्त्र म्हणूनच ऐकवलं गेलं होतं. रात्रभर जागून बाळाची खाज सोसणाऱ्या बाईला सांगायचं, तुला मनातून हे मूल नको आहे! त्या बायकांची क्षमा कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

नंतर खाण्याची पाळी आली. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये ॲलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या गरोदर आणि स्तनदा मातांना शेंगदाणे टाळण्याचा विचार करा, असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. २००० मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका, असा सल्ला दिला. दोन्ही सल्ले मागे घ्यावे लागले, अमेरिकेत २००८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २००९ मध्ये. २०१५ मध्ये लंडनच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षातच नियमितपणे शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. म्हणजे काटेकोर पथ्य पाळायला लावून आपण कदाचित मुलांचं नुकसानच केलं होतं. गरोदरपणातल्या पथ्याबद्दल तर वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेचा २०१२ चा आढावा स्वच्छ आहे: ॲलर्जीकारक मानलेले पदार्थ आईने टाळल्याने बाळाचा इसब टळण्याची शक्यता नाही, उलट तिच्या आणि गर्भाच्या पोषणाला धोका पोहोचू शकतो. एवढं सगळं हाती असूनही ‘तू काय खाल्लंस’ हा प्रश्न थांबत नाही, आणि आता त्याला मिथायलेशनचं नवं कारण मिळालं आहे.

या नव्या कारणाने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण नोंदवून ठेवण्यासारखं आहे. फोलिक ॲसिड शरीरातल्या मिथाइल गटांच्या पुरवठ्यात भाग घेतं. २००८ मध्ये उंदरांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गाभण मादीला मिथाइल देणारे पदार्थ भरपूर दिले तर पिल्लांमध्ये श्वसनमार्गाची ॲलर्जी वाढते आणि तो परिणाम मिथायलेशनमधून होतो, असा त्याचा दावा होता. तो खूप उद्धृत झाला; गरोदरपणातल्या फोलिक ॲसिडबद्दल शंका घेणाऱ्या लिखाणात तो वर्षानुवर्षं येत राहिला. २०१६ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. इकडे फोलिक ॲसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मजात दोष टळतात, हे १९९१ च्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलेलं आहे. आधीच्या गरोदरपणात असा दोष आढळलेल्या स्त्रियांमध्ये त्याची पुनरावृत्ती ७० टक्क्यांहून अधिक घटली होती. एका न टिकलेल्या निष्कर्षाच्या धास्तीने कुणी ती गोळी सोडली असेल तर तिची किंमत इसबापेक्षा कितीतरी मोठी आहे. गर्भावस्थेबद्दल अर्धकच्चा सल्ला देणं निरुपद्रवी नसतं.

ताणाचंही तेच. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात, गर्भधारणेआधी रोजच्या जगण्यात खूप ताण असल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत वर्षभराच्या वयात इसब थोडा जास्त आढळला. यावरून डॉक्टरांनी काय सांगायचं? ‘ताण घेऊ नका’ हे वाक्य ऐकून कुणाचा ताण गेला आहे? पगारी रजा नसणं, घरातली मारझोड, कर्ज, एकटीने ओढायचा संसार ही ताणाची कारणं तिने निवडलेली नसतात. त्यांच्याबद्दल काहीही न करता ताणाचा जैविक परिणाम तेवढा तिला ऐकवायचा, हा दुहेरी अन्याय आहे. आणखी पुढे जाऊन आजीच्या काळातल्या खुणा नातवंडांत उतरतात असंही सांगितलं जातं. माणसांत त्याचा पुरावा फार तोकडा आहे. अंडपेशी-शुक्रपेशी घडताना आणि पुन्हा फलनानंतर, अशा दोन टप्प्यांवर बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात. शिवाय मुलीच्या अंडपेशी ती स्वतः आईच्या पोटात असतानाच घडू लागतात. गरोदर स्त्रीच्या शरीरात गेलेला धूर अशा रीतीने तीन पिढ्यांना एकाच वेळी थेट लागतो. त्याला वारसा म्हणण्याआधी हे तपासावं लागतं.

गर्भावस्थेत केलेल्या कशाचाच उपयोग नाही, असं मात्र मी म्हणत नाही. साउदॅम्प्टनच्याच संशोधकांनी २०२२ मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष दिले: गरोदरपणात रोज १००० युनिट ड जीवनसत्त्व घेतलेल्या मातांच्या बाळांत वर्षभराच्या वयात इसब कमी होता. दुसऱ्या आणि चौथ्या वर्षी मात्र तो फरक ठामपणे दिसला नाही. अशी चाचणी हा प्रामाणिक मार्ग आहे. काहींना द्या, काहींना देऊ नका, मोजा, आणि निघेल ते सांगा. एपिजेनेटिक्सच्या नावाने दिल्या जाणाऱ्या बहुतेक सल्ल्यांना या कसोटीतून जावं लागलेलं नाही.

धुराची गोष्ट वेगळी, आणि इथे मी ठाम आहे. गर्भावर तंबाखूच्या खुणा उमटतात, याबद्दल आता शंका उरलेली नाही. २०१६ मध्ये १३ अभ्यासांमधल्या साडेसहा हजारांहून अधिक नवजात बाळांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांच्या डीएनएवर हजारो ठिकाणी मिथायलेशनचे फरक सापडले. मानवी एपिजेनेटिक्समधल्या सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी हा एक आहे. त्यातून पुढे इसब किती होतो, हा हिशेब अजून कच्चा आहे. पण धूर बंद करायला त्याची वाट बघायची गरज नाही, कमी वजन आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म ही कारणं पुरेशी आहेत. प्रश्न आहे तो धूर कोणी बंद करायचा याचा. कित्येक गरोदर बायका स्वतः ओढत नाहीत, दुसऱ्यांनी सोडलेला धूर त्यांच्या नाकात जातो. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात, उत्तर अमेरिका आणि युरोपात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे कायदे लागू झाल्यानंतर अपुऱ्या दिवसांचे जन्म आणि मुलांचं दम्यासाठी रुग्णालयात येणं, दोन्ही सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. यात एकाही आईला उपदेश करावा लागला नाही. कायदा झाला, अंमलबजावणी झाली, हवा सुधारली. वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर, ओल धरलेली घरं, बंद खोलीत पेटणारी इंधनं यांनाही हाच न्याय लावायला हवा. परिसर जनुकांपर्यंत पोहोचतो हे एपिजेनेटिक्सने दाखवलं असेल, तर परिसर ज्यांच्या हातात आहे त्यांना जाब विचारला पाहिजे. गरोदर बाईच्या हातात त्यातलं फार थोडं असतं.

दुसरी मागणी मला याहूनही निकडीची वाटते, कारण ती आजच्या आज पुरी करता येईल. एपिजेनेटिक्समधलं इसबाच्या दृष्टीने सर्वांत विचार करायला लावणारं काम गर्भावरचं नाहीच, ते त्वचेवरचं आहे. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात एलेन फ्यूक्स यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या त्वचेवर दाह निर्माण केला आणि तो पूर्ण शमू दिला. त्वचा वरून पूर्ववत झाली. पण तिच्या मूळपेशींमध्ये डीएनएची काही गुंडाळी सैल झाली होती ती तशीच राहिली, आणि सहा महिन्यांनंतरही ती त्वचा नव्या इजेला अधिक वेगाने प्रतिसाद देत होती. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो; आठवण तळाच्या पेशींत राहते. जखम भरण्यासाठी ही आठवण उपयोगी पडते. इसबात हीच गोष्ट मुलावर उलटत असेल, असा अंदाज बांधायला जागा आहे, कारण इसब पुन्हा उफाळतो तो बहुतेकदा जुन्याच जागी, त्याच कोपराच्या घडीत, त्याच मनगटावर. उंदरांवरून माणसांवर थेट उडी मारता येत नाही. पण माणसांवरच्या उपचारांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो: चट्टा गेल्यावरही त्या जागी आठवड्यातून दोन दिवस स्टेरॉइडचं किंवा टॅक्रोलिमस या दाह शमवणाऱ्या औषधाचं मलम लावत राहिलं तर पुन्हा उफाळण्याचं प्रमाण कमी होतं.

जपानमधली २०२३ ची चाचणी याच मुद्द्याची आहे. सात ते तेरा आठवड्यांच्या, इसब असलेल्या ६५० बाळांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांच्या चट्ट्यांवर आणि चट्टे नसलेल्या त्वचेवरही ठरलेल्या वेळापत्रकाने स्टेरॉइडची मलमं लावली गेली. २८ आठवड्यांच्या वयात अंड्याची ॲलर्जी नेहमीच्या गटात ४१.९ टक्के, दुसऱ्या गटात ३१.४ टक्के होती. या यशाची दुसरी बाजूही तितक्याच मोठ्या आवाजात सांगितली पाहिजे: जोरकस उपचार मिळालेल्या बाळांचं वजन आणि उंची किंचित कमी भरली. म्हणून अशी पद्धत सरसकट लावा, असं कुणी म्हणत नाही. पण चट्टे दिसत असताना ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून महिनोन्‌महिने वाट बघण्यात धोका असू शकतो, असा इशारा या चाचणीतून मिळतो. उलट, इसब नसलेल्या नवजात बाळांना आधीपासून रोज मॉइश्चरायझर चोपडून तो टळत नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या १३९४ बाळांच्या चाचणीत दोन वर्षांच्या वयात इसबाचं प्रमाण २३ आणि २५ टक्के असं जवळपास सारखंच निघालं, आणि मॉइश्चरायझरच्या गटात त्वचेचे संसर्ग थोडे जास्त दिसले. ही माहितीही आयांपर्यंत पोहोचायला हवी, कारण ‘मी पहिल्या दिवसापासून लावलं असतं तर’ ही टोचणी त्यांना विनाकारण लागलेली असते.

एवढं करायला कुठलीही नवी चाचणी लागत नाही. मिथायलेशन मोजून इसब असलेल्या बाळाचा उपचार बदलावा, असं सांगणारा पुरावा आज नाही. नाळेच्या रक्तावरून भविष्य सांगणारी चाचणी कुणी पुढे केली, तर आईवडिलांनी एकच विचारावं: निकाल काहीही आला तरी माझ्या बाळासाठी तुम्ही वेगळं काय करणार? उत्तर ‘काळजी घ्या’ असं आलं तर त्या चाचणीवर खर्च करू नये. संशोधनाचा पैसा मात्र जरूर लागावा, आणि तो देणाऱ्यांनी अटी घालाव्यात. वडिलांची माहिती आणि नमुने घेतल्याशिवाय गर्भावस्थेच्या अभ्यासाला निधी नाही. जमेल तिथे त्वचेचा नमुना, केवळ रक्त नाही. आजार सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही नमुने त्याच मुलाचे. विद्यापीठांच्या प्रसिद्धिपत्रकांत उंदरांवरच्या निष्कर्षाच्या मथळ्यात ‘आई’ हा शब्द नको.

आणि दवाखान्यात पहिल्या भेटीत गरोदरपणाची उलटतपासणी पूर्ण बंद व्हावी. तो वेळ दुसऱ्या प्रश्नांना हवा आहे. बाळ रात्री किती वेळा उठतं? घरात किंवा शेजारी कोण ओढतं? चट्ट्यांतून पिवळट लस येते का, म्हणजे संसर्ग आहे का? स्टेरॉइडच्या मलमाची भीती वाटते का, आणि कुणी घातली? मलम मोजायचं कसं हे कुणी दाखवलं आहे का: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली एक रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पुष्कळ पालक भीतीपोटी याच्या कितीतरी कमी लावतात, चट्टे हटत नाहीत, आणि मग औषध लागू पडत नाही असं ठरतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी मॉइश्चरायझर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लिहून द्यावं असं म्हटलं आहे. कित्येक घरांत त्याची एक छोटी ट्यूब महिनाभर पुरवली जाते. तेव्हा आईला विचारायचंच असेल तर गेल्या आठवड्यात मॉइश्चरायझर किती संपलं हे विचारावं, आणि पुरेसं नसेल तर ते तिच्या हातात पडेल अशी व्यवस्था त्याच भेटीत करावी.